डोक्यावरून पाटावर

मित्रांनो, जुनी म्हणाल तर मी जुनी आहेच, आणि जातीची चुंबळ आहे. चुंबळ म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल, म्हणून आधीच सांगून टाकते. डोक्यावर ओझं घेताना बायका खाली कापडाचा वेढा ठेवतात ना, तो वेढा म्हणजे मी. वर पाटी, खाली डोकं, आणि मधल्या मधे मी. सगळा जन्म चेपण्यात गेला, तरी माझा स्वभाव काही थंड झाला नाही. मला स्वस्थ बसवत नाही, गप्प तर त्याहून बसवत नाही. आणि जे सांगायचं आहे ते सांगायला माणसं लाजतात. म्हणजे मलाच सांगायला हवं.

ठाण्याच्या खाडीकाठी कोळीवाड्यात मी जन्मले. जनाबाईचं एक हिरवं लुगडं विरलं होतं. तिने ते उभं फाडलं, ओलं करून पिळलं, वेढा घातला आणि टोक आत खोचलं. त्याच साली तिच्या थोरल्या मुलाचं, चंदूचं लग्न झालं. नवी सून मंजुळा घरात आली तेव्हा जनाबाईने मला तिच्या हातात ठेवलं, आणि माझ्याबरोबर मासळी बाजारातली आपली बसायची जागाही दिली. ही जागा म्हणजे साधी गोष्ट नव्हे बरं का. सासूकडून सुनेकडे येते. तिथे रोज बसावं लागतं. चार दिवस जागा रिकामी दिसली की शेजारीण हळूच आपली पाटी तिकडे सरकवते.

मंजुळा बसली, आणि अशी बसली की सगळा बाजार तिला ओळखायला लागला. कशामुळे माहीत आहे? हसण्यामुळे. नौपाड्याहून एक चष्मेवाल्या वहिनी यायच्या. कोलंबी उलटीपालटी करून रोज विचारायच्या, ताजी आहे ना नक्की? मंजुळा म्हणायची, वयनी, इतकी ताजी हाय की विचारलंत तर आईचं नाव सांगेल. आणि स्वतःच खदखदून हसायची. तिचं हसणं पार बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. ते ऐकून गिऱ्हाइकं वळायची. मी तिच्या मांडीशी पडलेली असायचे, मला कोण अभिमान वाटायचा!

पहिली दोन पोरं झाली आणि मंजुळा लगेच उभी राहिली. तिसरी मात्र अडली. पोर अंगाने मोठी होती, डोकं खाली येईना. सुईण मनुबाई तिच्या पायाशी बसून सारखी ओरडत होती, जोर कर गो, खाली जोर कर. मंजुळाने असेल नसेल तेवढा जोर केला. पोरगी सुखरूप झाली. मग पोट बांधलं, बाजेखाली शेगडी ठेवली, खसखशीची खीर खाऊ घातली, जे करायचं ते सगळं केलं. सव्वा महिना सरला आणि मी पुन्हा तिच्या डोक्यावर चढले.

बाजाराला जायचं तर रेल्वेचा पूल ओलांडावा लागे. पहिल्याच दिवशी पायऱ्या चढता चढता मंजुळा थबकली. पाटी भरलेली होती, वरून पाणी ठिबकत होतं. तिला शिंक आली. शिंकली, आणि तिचे पाय एकमेकांना घट्ट चिकटले. मला वाटलं, काटा रुतला असेल. पण तिने पाटी खाली उतरवली, इकडेतिकडे बघितलं आणि पाटीतलं मासळीचं पाणी ओंजळीने आपल्या लुगड्यावर ओतलं. मुद्दाम ओतलं. तेव्हा कुठे मला कळलं. लघवी सुटली होती.

कोळणीचं लुगडं ओलं दिसलं तर कोणाला नवल वाटणार? मासळीचं पाणी गळणारच. त्या पाण्याखाली मंजुळाचं दुःख झाकलं गेलं, ते मग झाकलेलंच राहिलं. ओझं उचललं की लघवी सुटायची, खोकला आला की सुटायची. खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटायचं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे हसलं तरी सुटायची. म्हणून तिने हसणं सोडलं. वहिनी विचारायच्या, ताजी आहे ना, आणि मंजुळा नुसती मान हलवायची. वहिनी दुसरीकडे जायला लागल्या. मला इतकं चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं की काय सांगू. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी जवळून बघितला.

घरात कोणाला पत्ता नव्हता. जनाबाईला एवढंच दिसत होतं की सून पुलावर तीनतीनदा पाटी उतरवते, उशिरा पोचते, दोन दिवसांआड घरी राहते. तिने स्वतः पाच बाळंतपणं करून हीच पाटी वाहिली होती. तिचा राग वाढत चालला. दिवाळीनंतर धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं, आणि आता घरात उघड बोलणं सुरू झालं की जागा नव्या सुनेला द्यावी. मंजुळाला पाटीचं दुःख नव्हतं एवढं त्या जागेचं झालं. त्या जागेवर ती कोणीतरी होती.

पोरीला लस टोचायला ती दवाखान्यात गेली, तेव्हा मी पिशवीत होते. रांगेत मंजुळाला शिंक आली आणि तिने पाय आवळले. तिथे मंदाकिनीताई नावाच्या बाई होत्या, बाळंतिणींना व्यायाम शिकवायच्या. त्यांनी ते पाहिलं आणि तिला आत बोलावलं. बाई भल्या होत्या. त्यांनी सांगितलं की बाळंतपणात खालचे स्नायू ताणले जातात, सैल पडतात, त्यांना पुन्हा बळ आणता येतं. कापडाची गुंडाळी करून पाटावर ठेव, त्यावर बस, म्हणजे कुठले स्नायू ते बरोबर समजेल. पण दार उघडं होतं, बाहेर पुरुष पोरं घेऊन बसले होते. ताईंनी आवाज खाली आणला आणि घाईघाईत म्हणाल्या, तिथल्या स्नायूंना जोर द्यायचा, मग सोडायचं, रोज करायचं. मंजुळाने मान हलवली. बायकांची मान अशा वेळी लगेच हलते.

घरी येऊन तिने गुंडाळीसाठी काय घ्यावं? मलाच! खसाखसा धुतली, माझा वेढा सोडला, लांब गुंडाळी केली आणि पाटावर ठेवली. मित्रांनो, हसू नका. पायीची वहाण पायीच बरी असं तुम्हीच म्हणता ना? मग डोक्यावरची चुंबळ खाली कशाला आणायची? मला भारी अपमान वाटला. मी फुरंगटून बसले.

पण ती माझ्यावर बसली आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. कारण मला एक गोष्ट कळली, जी त्या घरात दुसऱ्या कोणालाच कळण्यासारखी नव्हती. ती चुकत होती. सगळा जन्म मी ओझं ओळखण्यात घालवला. ओझं वाढलं की घटलं, हे मला कोणी शिकवायला नको. मंजुळा श्वास कोंडून डोळे मिटायची आणि माझ्यावरचं ओझं वाढायचं. ती खाली रेटत होती. जोर म्हटल्यावर तिला एकच जोर ठाऊक होता, मनुबाईने शिकवलेला. अगं बये, खाली नको, वर घे, वर ओढ! मी आतल्या आत ओरडत होते. पण कापडाला तोंड कुठे असतं? रोज दुपारी ती श्रद्धेने दार लोटून बसायची आणि रोज होतं तेही बळ खाली लोटायची. माझा जीव टांगणीला लागला. इतकी तळमळ मला ओझ्याखालीही कधी झाली नव्हती.

व्हायचं तेच झालं. तिचा त्रास वाढला. आता पाटी न उचलताही लुगडं ओलं व्हायला लागलं. आपल्यात काहीतरी कायमचं मोडलं, ते आता दुरुस्त होत नाही, असं तिने मनाशी धरलं. एका दुपारी ती माझ्यावर येऊन बसली ती नुसतीच बसली. व्यायाम करायचाही तिला कंटाळा आला होता. बाहेर ओट्यावर जनाबाई मनुबाईबरोबर कोलंबीचे सोडे सुकवत होती. तिचा आवाज आत स्पष्ट आला.

"काय सांगू मनुबाय, तिसरी पोर झाल्यापासून ही अंग चोरते. सगला दिवस अंग चोरते."

अंग चोरणं म्हणजे कामात कुचराई करणं, हे तुम्हांला माहीत आहेच. मंजुळाच्या कानात ते शिसं ओतल्यासारखं गेलं असणार. ती लाजेने आकसली. खांदे जवळ आले, पोट आत गेलं, सगळी आत आत ओढली गेली. आणि मित्रांनो, त्याच क्षणी माझ्यावरचं ओझं हललं. किंचित, पण वर गेलं. तिच्या आत काहीतरी माझ्यापासून सुटून वर उचललं गेलं होतं. मी थरारले! आणि विशेष म्हणजे मंजुळालाही ते कळलं. डोळ्यांत पाणी होतं तरी ती ताठ झाली. थांबली. मग मुद्दाम, हळूच, तिने पुन्हा अंग चोरलं. पुन्हा तेच झालं.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, सासूच्या शब्दासकट. मंदाकिनीताईंनी आधी दार लावून घेतलं. त्या दिवशी जोर हा शब्द मी वापरायला नको होता, असं म्हणाल्या. मग त्यांनी सगळं नीट समजावलं. लघवी मधेच अडवताना आपण जसं आत घेतो तसं घ्यायचं, खाली काही ढकलायचं नाही, श्वास चालू ठेवायचा, आणि धरलं की पुरतं सोडायचंही. ओझं उचलायच्या आधी आत घ्यायचं आणि मगच उचलायचं. काही महिने भरली पाटी डोक्यावर घ्यायची नाही.

"आणि सासूबाई म्हणतात ते अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "रोज अंग चोर. चांगलं चोर."

पण काही महिने पाटी नको, हे घरी सांगणार कसं? सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. दोन दिवस मंजुळा घरात येरझारा घालत होती. शेवटी जनाबाई चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, साफ करत असताना ती समोर जाऊन बसली आणि एका दमात सगळं बोलून गेली. पूल, शिंक, लुगड्यावर ओतलेलं पाणी, हसणं. मी तिच्या हातात होते, तिने मला अगदी पिळून काढलं.

जनाबाईचे हात थांबले. मला वाटलं, आता ओरडेल.

"मना पहिल्या पोरापासून तसंच होतंय," ती म्हणाली. "मना वाटलं, सगल्या बायांचं असंच असतं."

मंजुळाने तिच्याकडे बघितलं, आणि मग दोघी रडल्या. जनाबाईचा राग कशाचा होता ते मला त्या दिवशी समजलं. ती तसल्या अंगाने पाटी वाहत राहिली होती, आणि सुनेनेही तशीच वाहावी असं तिला वाटत होतं.

पुढचे महिने सोपे नव्हते. कधी बरं वाटायचं, कधी एका खोकल्याने सगळ्यावर पाणी फिरायचं. कधी तिला आळस यायचा आणि मी पाटावर वाट बघत चरफडायचे. चंदूने पाटी पुलापलीकडे नेऊन द्यायला सुरुवात केली. नाक्यावरची मंडळी त्याला चिडवायची, आता लुगडंही नेस म्हणायची. तो पाटीचा खांदा बदलून पुढे चालायचा. डोक्यावरचा माझा मान गेला तो तेव्हाच. मला वाईट वाटलं नाही असं कसं म्हणू? पण पाटावर रोज माझ्यावरचं ओझं थोडं जास्त उचललं जात होतं, जास्त वेळ उचललेलं राहत होतं, आणि मला त्याचीच ओढ लागली होती.

दिवाळी झाली, धाकट्याचं लग्न झालं. एका सकाळी जनाबाई नव्या सुनेला घेऊन बाजारात आली. बायका आपापसांत कुजबुजू लागल्या. जागा जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मंजुळा पाटीमागे बसली होती, मला सवयीने मांडीशी घेऊन. नेमक्या तेव्हाच चष्मेवाल्या वहिनी आल्या. कोलंबी उचलून नाकाजवळ नेली, आणि तेवढ्यात कोलंबीने शेपटी मारली. वहिनींचा चष्मा उडून बर्फात पडला.

मंजुळा हसली. आधी तोंडावर हात घेऊन, मग हात सोडून, मग मान मागे टाकून. आणि एकदम घाबरून थांबली. मांड्या आवळून तशीच बसली, डोळे मोठे करून. मीही श्वास धरला. तिने हळूच हाताने लुगडं चाचपलं. कोरडं होतं. तिने पुन्हा चाचपलं. मग ती परत हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि वहिनी चष्मा पुसत विचारत होत्या की अगं, झालं तरी काय.

जनाबाईने हे सगळं पाहिलं. तिने नव्या सुनेचा हात धरला. "चल गो," ती म्हणाली, "ही जागा भरलेली हाय. तुना दुसरी बघू."

त्याला आता बरीच वर्षं झाली. मासळी टेम्पोने बाजारात येते, मला कोणी विचारत नाही. जनाबाईही पुढे पाटावर बसली. थोडा फरक पडला, सगळा पडला नाही. तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, फार खाली उतरलं होतं, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. पहिल्या पोरानंतरच कोणी विचारलं असतं तर, असं ती कधी कधी म्हणते. अजूनही कोळीवाड्यात बाळंतपण झालं की ती आधी तिथे जाते, पुरुषांना बाहेर घालवते आणि बाळंतिणीशी हळू आवाजात नाही, चांगली मोठ्याने बोलते.

मित्रांनो, तुमच्याही घरात आई असेल, ताई असेल, काकू असेल. त्यांच्यापैकी कोणी शिंकताना पाय आवळत असेल, पाण्याची कळशी उचलताना थबकत असेल, हसता हसता मधेच गप्प होत असेल, तर तिला आळशी म्हणू नका. तिच्या हातातलं ओझं आधी घ्या. मग दार लावून तिच्याजवळ बसा आणि विचारा. ती पहिल्यांदा काही नाही असंच म्हणेल. तुम्ही पुन्हा विचारा.