पळपुट्याची चौकशी

घरात तिला सगळे चौकशी म्हणत. बोलायला लागल्यापासून तिनं कुणाला सुखानं बसू दिलं नव्हतं. पाहुणे दारात चपला काढत असतानाच ही विचारी, "तुम्ही आमच्याकडेच का आलात? शेजारी का नाही गेलात?" आई कपाळाला हात लावी. पुढं ती इतिहासात पीएचडी करायला निघाली तेव्हा दादा म्हणाला, "बरं झालं. हिच्या भोचकपणाला आता विद्यापीठाची मान्यता मिळाली."

ज्या प्रश्नासाठी ती तिथं गेली तो तसा साधा होता. घरोघरी घड्याळं यायच्या आधी माणसं भेटायची वेळ कशी ठरवत? आणि ठरल्या वेळी दुसरा आलाच नाही, तर किती वाट बघून निघून जात? मुलाखतीच्या दिवशी सरांनाही तो प्रश्न आवडला होता, ते हसलेसुद्धा होते. पण विषयाची नोंदणी होईपर्यंत त्या प्रश्नाला कोट-टाय चढले आणि कागदावर आलं, 'पूर्व-यांत्रिक समाजातील कालबोध: एक सैद्धांतिक पुनर्विचार'. त्यानंतर वर्षं गेली. काळाबद्दल कोणत्या विद्वानानं काय म्हटलं आणि त्यावर दुसऱ्यानं काय म्हटलं, याची तिनं प्रकरणंच्या प्रकरणं लिहिली. त्यांपैकी एकाही प्रकरणात कुणी कुणाची वाट बघत नव्हतं.

सर वाईट नव्हते. वाईट असते तर निदान भांडता तरी आलं असतं. ते प्रकरण ठेवून घेत, बऱ्याच दिवसांनी परत देत आणि समासात बारीक अक्षरात लिहिलेलं असे, 'संदर्भ?' किंवा 'मांडणी अधिक काटेकोर हवी.' मजकुराबद्दल अवाक्षर नसे. तिला कधी कधी वाटे, आपण मधेच एखाद्या पानावर भेंडीची भाजी कशी करावी ते लिहिलं, तरी सर तिथं 'संदर्भ?' एवढंच लिहितील.

घरी वेगळंच. भाची तिसरीतून चौथीत गेली त्या दिवशी तिनं विचारलं, "आत्या, तू कितवीत आहेस?" वहिनीनं तिला डोळ्यांनी दटावलं, पण दादाला हसू आवरेना. चौकशीही हसली. जेवताना मात्र तिला घास गोड लागला नाही.

विभागात संशोधकांसाठी एक खोली होती. चार टेबलं, एक न उघडणारी खिडकी आणि एक जण आजोबा. आजोबांचं वय काही फार नव्हतं, पण त्या खोलीत त्यांच्याइतकी वर्षं कुणीच काढली नव्हती, म्हणून ते नाव. प्रकरण पुन्हा एकदा परत आलं त्या दुपारी चौकशी टेबलावर डोकं टेकून म्हणाली, "मला नाही वाटत हे माझ्याच्यानं होईल."

"असं बोलू नये," आजोबा डब्याचं झाकण लावत म्हणाले. "पळपुट्याची गत होईल."

पळपुटा हे त्या खोलीतलं जुनं बुजगावणं होतं. कुणी कुरकुर केली की त्याला पुढं करायचं. सरांचाच विद्यार्थी, हुशार, प्रबंध जवळजवळ पुरा झालेला, आणि एक दिवस उठून गेला तो गेलाच.

"पण गेला का?" तिनं विचारलं.

"डोक्यावर परिणाम झाला. फार वाचलं की होतं तसं."

जाता जाता तिनं कार्यालयातल्या लेखनिकबाईंना विचारलं. बाई ठामपणे म्हणाल्या, "सरांशी वाजलं त्याचं. पार हमरीतुमरीवर आले होते." ग्रंथपालांचं म्हणणं आणखी निराळं. "प्रेमप्रकरण. दुसरं काय असणार?"

तिनं प्रत्येकाला एकच विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलंत?" पाहिलं कुणीच नव्हतं. सगळ्यांना माहीत मात्र होतं.

घरी परतताना ती बोटांवर मोजत राहिली. तीन माणसं, तीन कारणं आणि पुराव्याच्या नावानं शून्य. कितीतरी वर्षांनी तिला एखादी गोष्ट खरोखर जाणून घ्यावीशी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ती प्रकरण बाजूला सारून ग्रंथालयात गेली. ग्रंथपालांना जरा खोदून विचारल्यावर ते आठवून म्हणाले, "एक मात्र खरं. जायच्या आधी त्यानं सगळी पुस्तकं परत केली. एकसुद्धा बुडवलं नाही." चौकशीनं मनात नोंद केली. डोकं फिरलेला किंवा प्रेमात आंधळा झालेला माणूस पुस्तकं परत करत बसत नाही. मग लेखनिकबाईंनीच, सरांशी वाजल्याची गोष्ट पुन्हा रंगवताना, सहज सांगून टाकलं, "आमच्या मुलीला गाडी त्यानंच शिकवली. मोटार शिकवण्याचा वर्ग आहे त्याचा, उड्डाणपुलाच्या पलीकडं."

चौकशी तिथं गेली तेव्हा तो दारात उभा राहून गाडीची काच पुसत होता. पन्नाशीकडं झुकलेला, उन्हानं रापलेला, शांत. तिनं तोंड उघडायच्या आत त्यानंच विचारलं, "शिकायचंय?"

ती म्हणाली, "हो."

असं तिचं गाडी शिकणं सुरू झालं. रोज सकाळी ती चाकामागं बसे आणि तो शेजारी. "माझ्याही पायाशी ब्रेक आहे," तो पहिल्या दिवशी म्हणाला, "तेव्हा जीव मुठीत धरू नका. चाक धरा." ती विषय काढायला जाई आणि तो म्हणे, "क्लच." ती पुन्हा जुळवाजुळव करी आणि तो म्हणे, "आरशात बघा, मागं ट्रक आहे." आठवडाभरात तिला गाडी वळवता यायला लागली, माणूस काही वळेना. शेवटी गोदामांमागच्या मोकळ्या रस्त्यावर तिनं गाडी कडेला घेतली, नीट बंद केली आणि सांगून टाकलं, "मी तुमच्याच विभागात आहे. तुमच्याच सरांकडं. तुम्ही का सोडलंत, ते विचारायला आले होते."

त्यानं विचारलं, "काय म्हणतात माझ्याबद्दल?"

तिनं तिन्ही कारणं सांगितली. पळपुटा हे नावही सांगितलं, लपवून काय उपयोग. प्रेमप्रकरणाला तो हसला. "कुणाशी, ते सांगितलं का? मलाही कळलं असतं."

"मग खरं काय?"

"खरं अगदीच पुळचट आहे. मसुदा सरांकडं दिला होता. महिनेच्या महिने त्यांच्या टेबलावर पडून. मी रोज दारातून डोकावून बघायचो, गठ्ठा हललाय का. एक दिवस कसल्याशा शिक्क्यासाठी रांगेत उभा होतो. उभ्या उभ्या लक्षात आलं, की आपल्याला आपल्या विषयातलं आता काहीच जाणून घ्यायचं नाहीये. गठ्ठा हलला का, एवढाच प्रश्न उरलाय. रांगेतून बाहेर पडलो, घरी गेलो."

"आणि?"

"वाटलं, सर फोन करतील. का येत नाहीस, असं विचारतील. विचारलं असतं तर बहुतेक परत गेलो असतो. नाही आला फोन. मग दिवस गेले तशी लाज वाटायला लागली." त्यानं खिडकीची काच खाली केली. "इतक्या वर्षांत मला हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"बरं झालं असं वाटतं का? सुटलो असं?"

"रोज नाही वाटत," तो म्हणाला. "लोकांना शिकवायला आवडतं. घाबरून बसलेला माणूस एक दिवस गाणं गुणगुणत गाडी चालवायला लागतो, ते बघायला मजा येते. पण कधी कधी दुपारी तो मसुदा आठवतो. चांगला होता हो तो. चला, गाडी सुरू करा. आरसा."

त्याच दुपारी ती सरांच्या खोलीत गेली. सर कुणाचं तरी प्रकरण तपासत होते. हातातली पेन्सिल समासावर टेकलेली.

"सर, तुमचा तो विद्यार्थी का सोडून गेला? ज्याला सगळे पळपुटा म्हणतात तो."

सरांनी मान वर केली. "कोण म्हणतं पळपुटा?"

"सगळेच. तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसले. "मला वाटलं, त्याला माझं तोंड बघायचं नसेल. मसुदा वाचायला मी फार उशीर केला. त्यात मला न कळणारं बरंच होतं, म्हणून नेटानं वाचत बसलो. म्हटलं, येईल, विचारील, मग बोलू. तो आलाच नाही."

"तुम्ही का नाही विचारलं?"

सरांनी उलट विचारलं, "तुला भेटला का तो? काय म्हणाला?"

"ते तुम्ही त्यांनाच विचारा," ती म्हणाली. मग तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं ते वाक्य तिच्या तोंडून निघालं. "आणि मी का सोडून चालले, ते मला आत्ताच विचारा, सर. मागाहून लोक वाटेल ते सांगतील."

पेन्सिल बाजूला गेली. सर म्हणाले, "बस. सांग."

ती बसली आणि बोलत राहिली. प्रकरणांबद्दल, 'संदर्भ?' बद्दल, भाचीच्या प्रश्नाबद्दल, शीर्षकाखाली गाडल्या गेलेल्या त्या मूळ प्रश्नाबद्दल. सरांनी मधे एकदाही तिचं वाक्य सुधारलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "मग किती वाट बघत असत ती माणसं?"

"माहीत नाही. तेच तर शोधायचं होतं."

"कुठं शोधशील?"

या विभागात हा प्रश्न तिला पहिल्यांदाच विचारला जात होता. तिनं सांगितलं: जुनी भांडणं, न्यायालयांतल्या साक्षी. 'मी अमुक वेळपर्यंत थांबलो होतो' असं माणसं शपथेवर सांगतात ना, तिथं. सर पुढं वाकून ऐकू लागले. मागवलेला दोघांचा चहा निवून गेला.

म्हणून सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. सरांनी विषय बदलण्याची विनंती समितीपुढं नेली आणि त्यांच्या स्वभावाला न शोभेल इतके ते तिथं भांडले. समितीनं सांगितलं, बदलायचा तर पहिल्यापासून. चौकशीनं नमस्कार केला आणि पीएचडी सोडून ती बाहेर पडली. दादा काहीतरी विनोद करील अशी तिची तयारी होती. तो एवढंच म्हणाला, "जेवलीस का?" पुढं तिला न्यायालयाच्या जुन्या दफ्तरखान्यात कागद लावण्याचं काम मिळालं. काम धुळीचं होतं. पण तिथल्या साक्षी वाचताना तिची दुपार कुठं जाई ते तिला कळत नसे. एका साक्षीदारानं म्हटलं होतं, मी बैल रवंथ करून उठेपर्यंत थांबलो, मग निघालो. ती संध्याकाळी घरी येऊन सगळ्यांना हे वाचून दाखवी. वहिनी म्हणाली, "बैलालासुद्धा कामाला लावलंस तू."

सर एका सकाळी उड्डाणपुलाच्या पलीकडं गेले, हे तिला लेखनिकबाईंकडून कळलं. तिनं सरांना विचारलं, काय बोलणं झालं. सर म्हणाले, "झालं थोडंफार." तिनं गाडीच्या वर्गात जाऊन विचारलं, तर तोही हसून काच पुसत राहिला. चौकशीला ते आजतागायत कळलेलं नाही. लेखनिकबाईंच्या मुलीनं पाहिलं ते एवढंच, की दोघं गाडीत बसून गोदामांच्या दिशेनं गेले, अगदी हळूहळू, आणि चाकामागं सर होते.