सहावं पान

धारला मधुवंतीच्या माहेरी अविधवा नवमीला सहा पानं मांडत. नवऱ्याआधी गेलेल्या, त्या घरच्या लेकींची. सासरी कुणी वाढो न वाढो, माहेरी वाढायचंच, आणि वाढून झालं की दार ओढून घ्यायचं. घटकाभराने उघडलं की पाच पानांवरच्या भातात बोटं रुतलेली दिसत. एका ठशात तर अंगठीचा खडासुद्धा उमटलेला असे. सहाव्यावरचा भात मात्र जसाच्या तसा. खोटं वाटेल त्याने तिथल्या कावळ्यांना विचारावं. ते त्या पाच पानांना चोच लावत नाहीत.

यंदा मधुवंती देवासहून आली ती कागद घेऊन. दवाखान्यातल्या समुपदेशक सृष्टीने त्यावर घराण्याचं झाड काढून दिलं होतं. "ताई, किसको कौनसा कॅन्सर, किती वयात, सगळं विचारून या. वडिलांकडूनही येतं हे. आणि होऊन गेलेलं कुणी जिवंत असेल, तर टेस्ट पहले उनकी. मग तुमचं न् चिऊचं सांगणं सोपं."

"जिवंत कुणी नाही," मधुवंती म्हणाली होती. चिऊ तिची लेक, एकोणीस वर्षांची.

आता पानांसमोर बसून तिने आत्याला, इंदिराबाईंना विचारलं, "ही कशाने गेली?"

"पोटात वारा धरला."

"आणि ही?"

"दृष्ट लागली." इंदिराबाई वरण वाढत राहिल्या. "तसलं नाव घेत नसत आपल्यात. घेतलं की येतं."

"न घेता पाचदा आलं, आत्या."

कागदावर पाच नावं झाली. या घरी पानं मोजायची नसतात, मधुवंतीने मोजली.

"सहावं कुणाचं?"

"माझं," इंदिराबाई म्हणाल्या. "बावीस वर्षांपूर्वी इंदूरला पित्ताचे खडे काढले ना, ते खडे नव्हते. छातीची डावी बाजू काढली. वाटलं, बोलावणं येणारच, जागा धरून ठेवावी."

"इतकी वर्षं स्वतःलाच वाढतेस?"

"आणि दर वर्षी उपाशी उठते."

मधुवंतीचा पेन थांबला. "जिवंत आहे, असं लिहू?"

"लिही गं," ओसरीवरून आत्याचे यजमान म्हणाले. "सकाळीच भांडलीये माझ्याशी."

इंदिराबाईंनी यंदा दार ओढलं नाही. सहाव्या पानावर मांडी घालून बसल्या आणि भात कालवला. "देवासची बस उद्या किती वाजता?"

तेवढ्यात शेजारच्या पानावरची खिरीची वाटी, कुणाचा हात न लागता, हळूच त्यांच्याकडे सरकली.

इंदिराबाईंनी तिकडे न बघता ती परत ढकलली.

"माझी मी घेते," त्या म्हणाल्या.