वाहत्या हवेचा आकडा

मी हवा बोलतेय. भरभर ऐका, एका जागी थांबणं माझ्या स्वभावात नाही आणि मागून पंखा सारखा ढकलतोय.

माझा जन्म कधीचा, ते मलाच ठाऊक नाही. मालक म्हणाल तर कुणीच नाही, राबवून घेणारे मात्र पुष्कळ. कुणी टायरमध्ये कोंबतं, कुणी भट्टीत फुंकतं. मला तापवायला किती उष्णता लागते हे जो नीट मोजतो, त्याचंच काम मी धड करते. बंद टाकीत कोंडून तापवलंत, तर थोडक्यात भागतं. मोकळी वाहत असले, की तापताना मी फुगते, आजूबाजूला रेटते, आणि त्या रेटारेटीलाही उष्णता लागते. कोंडलेली असताना पाच वाटे पुरतात, तिथे वाहताना सात लागतात.

आज सकाळी एका इस्पितळात मला नवजात बाळांच्या नव्या खोलीत सोडायचं होतं. जुन्या खोलीतली पाण्याची नळी फुटली होती, दुपारपर्यंत नऊ बाळं हलवायची होती. बाहेर पारा पाचावर. इंजिनिअरबाईंनी माझ्या वाटेत पाच हीटर बसवले होते. मी त्यांच्यावरून धावले आणि जाळीतून खोलीत उतरले. सव्वीस अंश हवे होते. काटा विसावरच अडून बसला.

"दार नीट लागत नसेल," बाई म्हणाल्या. दार घट्ट लागत होतं. "मग मीटर बिघडलाय." दुसरा मीटर आणला, तोही वीसच दाखवू लागला. माझा जीव नुसता वरखाली होत होता. त्यांच्या कानाशीच होते मी, पण सांगणार कशी?

मिस्त्रीकाका हळूच म्हणाले, "मॅडम, पंखा जरा कमी करू का? हवा सावकाश गेली की आपोआप तापेल. कुणाला पत्ताही लागणार नाही."

बाईंचा हात बटणाकडे गेला.

"मग ताजी हवा कमी येईल ना हो?" दारातल्या सिस्टरनी विचारलं. "आमची दोन बाळं श्वास घ्यायलाच अजून शिकतायत."

बाईंनी हात मागे घेतला आणि वही उघडली. दहा वर्षं त्यांनी बंद टाक्यांचीच कामं केली होती. कोंडलेल्या हवेचा आकडा त्यांना तोंडपाठ, तोच सवयीने इथे लिहिला गेला होता. त्यांचे कान लाल झाले.

"सिस्टर, दार नाही, मीटर नाही, गणित माझं चुकलंय. अजून दोन हीटर लागतील. तोवर एकही बाळ आणू नका."

"साहेबांना काय सांगायचं?" काका पुटपुटले.

"हेच. आणि मी सांगते, तुम्ही नाही."

काकांनी गोदामातून दोन हीटर आणून जोडले. आता कुठे माझी पूर्ण भूक भागली. दुपारी काटा सव्वीसवर आला आणि बाळं एकेक करून आत आली. शेवटचं तर ओंजळीत मावेल एवढं. बाई भिंतीला टेकून त्याची छाती बघत उभ्या आहेत: वर, खाली, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा वर.

जाते मी. तापवा, फुंका, राबवा; फक्त मोजण्याआधी मी कोंडलेली आहे की वाहती, तेवढं बघा. सरका आता, त्या बाळाला पुढचा श्वास घ्यायचाय.