उजव्या बाजूच्या स्पीकरचं म्हणणं

बोलणं हा माझा धंदाच. पण आजवर बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. आज थोडं स्वतःचं सांगतो. मी स्फाक्स या अरब बंदर-शहरातल्या हमादी सुताराच्या घरातला, संगणकाच्या उजव्या हाताला बसणारा स्पीकर. डाव्या हाताला माझा भाऊ. आम्ही जुळे, एकाच खोक्यातून आलेले, एकाच तारेने बांधलेले.

जन्म कुठल्याशा पूर्वेकडच्या कारखान्यात झाला. पोटात कागदी पडदा, त्यामागे लोहचुंबक, अंगावर काळं प्लॅस्टिक. जहाजातून बंदरावर उतरलो आणि रिधाच्या दुकानात आलो. रिधा संगणक विकायचा, दुरुस्तही करायचा. हमादीची एकुलती एक मुलगी एमना लग्न होऊन फ्रान्सला, लियाँला गेली, तेव्हा तिच्या आईने, दलंदाने हट्ट धरला. "फोनवर नुसता आवाज येतो. मला पोरीचं तोंड बघायचंय!" म्हणून संगणक आला, आणि त्याच्यासोबत आम्ही.

रविवारी दुपारी जेवण उरकून कुसकुसची, त्या वाफवलेल्या रव्याची परात उचलली की दोघं आमच्यासमोर बसायची. पडद्यावर एमना उमटायची. चित्र अडखळायचं, मध्येच थिजायचं. पण तिचा आवाज मात्र आम्ही जसाच्या तसा पोचवायचो. "लाबास, बाबा? बरे आहात ना? काय जेवलात? मासा घातला होता ना?" हमादी खुशीत मान हलवायचा.

मग त्याची कुरकुर सुरू झाली. "पोरगी पाण्यात बुडी मारून बोलतेय. काय भिकार आवाज आहे हा!"

रिधा आला. त्याने आमची तार विजेच्या तारेपासून लांब नेली, तशी आमच्यातली बारीक घरघर थांबली. आम्हाला भिंतीच्या कोपऱ्यातून पुढे ओढलं, बसलेल्या माणसाच्या कानाइतक्या उंचीवर ठेवलं, खाली जाड लोकरीचे तुकडे दिले. टेबल आमच्याबरोबर गुणगुणायचं बंद झालं. पुढच्या खेपेला त्याने आवाजासाठी वेगळी छोटी डबी आणून संगणकाला जोडली. खरं सांगतो, तेव्हा मला कंठ फुटल्यासारखं झालं. एमनाच्या हातातल्या चमच्याची किणकिण, शेजारच्या खोलीतलं दार, सगळं मोकळं होऊन बाहेर यायला लागलं.

"आता?" रिधाने विचारलं.

"बरं आहे," हमादी म्हणाला, आणि रिधाची पाठ वळताच आवाज शेवटपर्यंत वर नेला.

स्वयंपाकघरातून दलंदा ओरडली, "हमादी, कमी कर! मला इथे तिचा श्वास ऐकू येतोय. सगळ्या गल्लीला तिचं घरचं ऐकवायचंय का?"

"तुझे कान मांजरीचे आहेत. मी माणूस आहे."

शेवटी हमादीने ठरवलं, की दोष प्लॅस्टिकच्या डब्याचा. त्यात सुताराची अक्कल चालण्यासारखी होती, म्हणून तो फार खूष झाला. त्याने जैतुनाचं जुनं, पक्कं वाळलेलं लाकूड काढलं, रंधा मारला, खाचा पाडल्या, सरस लावला. आतून लोकर चिकटवली. मग आमचे पडदे अलगद काढून त्या नव्या पेट्यांत बसवले. त्याच्या बोटांची ती काळजी मी विसरणार नाही. तळहात माझ्या अंगावर ठेवून तो खर्जाची थरथर चाचपायचा. "हे बघ दलंदा, आता कसा भरला!" थरथर त्याला हाताला कळत होती. टिपेचे स्वर, शब्दांच्या कडा, 'स' आणि 'श', 'त' आणि 'फ', त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते. उभा जन्म करवतीच्या यंत्राशेजारी गेलेल्या माणसाचं हेच होतं. पण हे त्याच्या घरात कुणाच्याच मनात आलं नाही. मी समोर बसून रोज बघत होतो. मला सांगता येत नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी ओळखली होती. एमना बोलायला लागली की हमादी तिच्याकडे बघत नसे, दलंदाच्या तोंडाकडे बघे. दलंदा हसली की हा हसे. दलंदाने सुस्कारा टाकला की हाही मान हलवी. कुणी काही विचारलं आणि दलंदा जवळ नसली, तर तो नुसता हसायचा. हसण्यात बहुतेक वेळा भागूनही जातं.

एमनाला दिवस राहिले. हमादीने लगेच पाळणा करायला घेतला. संगणकाच्याच खोलीत एका कोपऱ्यात तो रोज थोडा थोडा आकाराला येत होता.

एका रविवारी दलंदा तिच्या बहिणीकडे महदियाला गेली होती. हमादी एकटाच बसला. एमना आली. चित्र आल्या आल्या थिजलं. तिच्या कपाळाचा आणि केसांचा एक डाग तेवढा दिसत होता.

"बाबा, उम्मी कुठाय? आई घरात नाही?"

"हो, हो! सगळं छान!"

"बाबा, ऐका ना." तिचा आवाज भरून आला होता. मी तो भरलेपणासुद्धा पोचवला. "पाळण्याचं काम थांबवा. बाळ राहिलं नाही. काल गेलं."

मी तो प्रत्येक शब्द स्वच्छ उच्चारला. इतका स्वच्छ मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

हमादीला 'पाळणा' ऐकू आला. 'बाळ' ऐकू आलं. बाकीचं बघायला दलंदाचं तोंड नव्हतं. तो मोठ्याने हसला. "पाळणा ना? अगं, थांब, दाखवतो!" तो उठला, अर्धा झालेला पाळणा दोन्ही हातांनी उचलून कॅमेऱ्यासमोर आणला आणि झुलवून दाखवला. "बघ, बिन्ती, माझ्या पोरी! राजाचा नातू झोपेल यात! मबरूक, मबरूक, अभिनंदन!"

पलीकडून श्वास घेतल्याचा आवाज आला. पडदा काळा झाला.

"गेलं परत," हमादी पुटपुटला आणि पाळणा जागेवर ठेवून आला.

संध्याकाळी दलंदा घरात शिरली ती डोक्यावरचा रुमालही न सोडता. वाटेत तिला मुलीचा फोन आला होता.

"हमादी, तू हसलास?" ती ओरडलीच, म्हणून त्याला ऐकू आलं.

"कशाला हसलो?"

"पोरीने सांगितलं बाळ गेलं, आणि तू हसलास? पाळणा नाचवलास तिच्यापुढे?"

मी हमादीचा चेहरा बघितला. दलंदाच्या ओठांवरून त्याने ते एकदा वाचलं, मग पुन्हा. "असं काही म्हणाली नाही ती," तो म्हणाला. "हा स्पीकर गेलाय. मी कधीपासून सांगतोय, हा स्पीकर गेलाय!" आणि त्याने माझी तार हिसडून काढली.

दुसऱ्या दिवशी रिधाने ती जोडली. बातम्या लावल्या. खणखणीत आवाज खोलीभर झाला. रिधाने दलंदाकडे बघितलं आणि तो हमादीच्या मागे जाऊन उभा राहिला.

"सी हमादी," तो नेहमीच्या आदराने, साध्या आवाजात म्हणाला, "तुमच्या खांद्यावर विंचू आहे."

हमादी फडक्याने माझ्या पेटीवरची धूळ पुसत होता. पुसतच राहिला.

दलंदा हळूच खाली बसली. रुमालाचं टोक तिने तोंडावर धरलं. "या रब्बी, देवा," ती म्हणाली, "आणि मी याच्यावर ओरडत होते."

हमादीला कानाचं यंत्र आलं. घालून पहिल्यांदा खोलीत चालला तेव्हा थबकला. "माझ्या चपला इतक्या वाजतात?" कुणीच हसलं नाही. रविवारी नवा सदरा घालून तो आमच्यासमोर बसला. आता आवाज अर्ध्यावरच ठेवला होता. एमना आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. ती आईला फोन करायची. दलंदाने तिला सगळं समजावलं होतं. ती म्हणे, "मला कळतंय, उम्मी. बाबांचा दोष नाही. पण डोळे मिटले की ते हसणंच ऐकू येतं."

उन्हाळ्यात ती आली. बारीक झाली होती. बापाला मिठी मारली, त्याच्या कानातलं यंत्र बोटाने नीट बसवलं, त्याच्या आवडीचा मासा स्वतः तळला. एका दुपारी दोघंच या खोलीत होती. आम्ही बंद होतो. आता बापलेकीला आमची गरज नव्हती.

"एमना," हमादी म्हणाला, "त्या दिवशी जे सांगितलंस, ते मला पुन्हा सांग. आता ऐकू येतं मला. नीट ऐकतो."

एमनाने खिडकीकडे तोंड वळवलं.

"ते एकदाच सांगता येतं, बाबा," ती म्हणाली.

ती रागावली नव्हती, हे मी आवाजावरून सांगतो. आवाजातलं मला कळतं. हमादीने मान हलवली. या वेळी त्याने सगळं ऐकलं होतं. मग ती चहा ठेवायला उठली आणि तो आपले हात बघत बसला.

ती परत गेली. अधूनमधून फोन करते, दोघांशीही बोलते. हवापाणी, मासळी, शेजाऱ्यांची लग्नं. संगणकासमोर मात्र पुन्हा कुणी बसलं नाही. परवा हमादीने आम्हा दोघांना चादरीत गुंडाळलं आणि रिधाच्या दुकानात आणून ठेवलं.

"सी हमादी, अशा पेट्या अख्ख्या गावात नाहीत," रिधा म्हणाला. "विकताय कशाला? काय दोष निघाला?"

"काही नाही," हमादी म्हणाला. "सगळं स्वच्छ ऐकू येतं."

तेव्हापासून मी इथे फळीवर आहे. लोक येतात, लाकडावरून हात फिरवतात, आवाज लावून बघतात, वाहवा करतात. आज ना उद्या कुणीतरी मला घरी नेईल. नेणाऱ्याला माझं एवढंच मागणं आहे. घरातलं कुणी म्हणालं, की आवाज नीट येत नाही, तर लगेच माझी तार बदलू नका. एकदा मला बंद करा, त्याच्या समोर बसा आणि हळू आवाजात त्याला काहीतरी विचारा. तो नुसता हसला, तर पुन्हा विचारा.