मायनरचं पाणी

चंपतरावांनी कॉलेजच्या काउंटरच्या काचेखालच्या फटीतून हात आत घातला आणि मॅडमच्या समोरचा फॉर्म परत बाहेर ओढून घेतला.

"थांबा मॅडम. हे उलटं लिवलं हाय."

मॅडमचा शिक्का वरच्या वर राहिला. मागच्या रांगेत कुणीतरी मोठ्यानं 'च्यक्' केलं. दामिनी बापाला खेटून उभी होती. तिला कानशिलं गरम झाल्यासारखी वाटली. अर्धा दिवस रांगेत गेला होता आणि आता नंबर लागल्यावर बाबांनी हे काय काढलं?

फॉर्म तिनंच भरला होता. सकाळी, मनीषनगरला आत्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. पण तिचं होतं ते नुसतं अक्षर, बाकी सगळं कृष्णकांतकाकांचं. आत्याचे यजमान बँकेतून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून नात्यागोत्यातल्या प्रत्येक पोराचं पुढं काय करायचं हे तेच ठरवत. बी.एस्सी.ला प्रवेश तर झाला, आता विषय निवडायचे होते. एक मुख्य विषय, तो मेजर. एक जोडीचा, तो मायनर.

"मेजर कम्प्युटर," काका म्हणाले होते, "आणि तुझे ते दगडधोंडे टाक मायनरमध्ये. तेवढीच हौस फिटेल."

दगडधोंडे म्हणजे भूगर्भशास्त्र. शेतात बोअर मारलं तेव्हा दर पाइपासरशी निराळी माती वर येत होती. आधी काळी, मग पिवळी, मग राखेसारखी, आणि खाली गेल्यावर चमकणारा चुरा. लोक पाणी लागतं का ते बघत होते आणि दामिनी चुऱ्याच्या पुड्या बांधत होती. तेव्हापासून तिच्या डोक्यातून ते गेलं नव्हतं. मायनर म्हणून शिकलेल्या विषयात पुढं एम.एस्सी. करणं अवघड जाईल, हे तिनं टेबलावर दोनदा सांगून पाहिलं. काकांनी आत्याला चहा टाकायला सांगितलं. बाबांनी मान डोलावली. भाऊजींपुढं बाबांनी आजवर मान डोलावण्यापलीकडं काही केलं नव्हतं. मग तिनंही काका सांगतील तसं लिहिलं.

"उलटं म्हणजे काय?" मॅडमनी विचारलं.

"कम्प्युटर मेजरमध्ये लिवलं हाय ना? ते मायनरमध्ये पायजे. अन् ते दगडाचं मेजरमध्ये टाका."

"बाबा..."

"तू चूप राय वं. घाईघाईत भरून राहिली होती, मॅडम. चुकलं तिचं."

 क्षणभर दामिनीला वाटलं, बाबांनी ऐकलं होतं तर! मान डोलावत होते तरी आत कुठंतरी आपलं म्हणणं पोचलं. तेवढ्यात चंपतराव तिच्याकडं वाकले आणि शाळकरी पोराला समजवावं तसे हळू आवाजात म्हणाले,

"कामाचं हाय ते मायनरात पायजे ना, पोरी. मेजरचं पानी कधी आपल्या बांधीत आलं का?"

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला तो नको तिथं पडला.

कुहीच्या बाजूला त्यांच्या शिवाराला खेटून मोठा कालवा, गावाच्या भाषेत नहर, गेलेला आहे. कित्येक वर्षं तो भरून वाहायचा आणि गावाला त्याचा थेंब मिळत नव्हता. मग त्यातून लहान कालवा काढला. खात्याचे लोक मोठ्या कालव्याला मेजर आणि याला मायनर म्हणत, म्हणून गावही तसंच म्हणू लागलं. मायनर आला तेव्हा धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, भरल्या. मायनरला पाणी कधी सुटणार, मायनर कुणी अडवला, यावर गावात भांडणं होत आणि सोयरिकीसुद्धा जुळत. मोठ्या कालव्याचं नाव कुणी काढत नसे. अशा गावातल्या माणसानं सकाळभर 'मेजर, मायनर' ऐकलं होतं आणि आपल्या परीनं नीट समजून घेतलं होतं.

"मुली, तुला मान्य आहे ना?" मॅडमनी काचेवर पेन वाजवलं. "पाचला काउंटर बंद झालं की सिस्टीम लॉक. मग कुणालाच बदलता येणार नाही."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. दामिनीनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "हो."

मॅडमनी विषय खोडून इकडचा तिकडं केला, कम्प्युटरवर टाकला आणि पावती बाहेर सरकवली. मेजर, भूगर्भशास्त्र. दामिनीनं ते दोनदा वाचलं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

कॉलेजच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. चंपतरावांनी मोटारसायकल तिथंच लावली होती. दोन चहा सांगून ते बाकड्यावर ऐसपैस बसले. असे ते फक्त आपल्या गावात बसत.

"भाऊजी एवढे शिकले, पन त्याइच्या ध्यानात नाई आलं," ते म्हणाले. "मी पकडलं. पाय आता, किती खूश होतीन ते."

हे मात्र दामिनीला सोसेना. काकांचं हसणं तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. मॉलच्या लिफ्टमध्ये बाबा चप्पल काढून शिरले होते, त्याला किती वर्षं झाली, तरी काका घरात पाहुणा आला की ते सांगत. बाबा तेव्हा पाण्याच्या ग्लासाकडं बघत बसत. आता तासाभरात बाबा स्वतःहून पावती पुढं करणार होते, कौतुकाची वाट बघत.

"बाबा."

"काय वं?"

"मेजर म्हणजे मुख्य विषय. पदवी त्याची मिळते. मायनर नुसता बाजूचा असते. आपल्या नहरासारखं नाही ते."

चंपतरावांनी ग्लास तोंडापर्यंत नेला होता. तो तसाच खाली आला.

"म्हंजे भाऊजींनी बराबर सांगतलं होतं?"

"हो."

"अन् तुले माहीत होतं?"

"हो."

"तिथं, काचेपाशी बी?"

तिला मान वर करवेना. पावतीची घडी करत ती म्हणाली, "पाच वाजायचे आहेत अजून. चला, बदलून घेऊ."

ती उठली. चंपतराव उठले नाहीत. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, आणि तेच तिला जड जात होतं. रागावले असते तर चाललं असतं.

"बस," ते म्हणाले. "मंग आता काहून सांगतलं? चूप राहिली असती त तुहं काम झालंच होतं."

"काका हसतील तुमच्यावर."

 चंपतरावांनी टोपी काढली, मांडीवर आपटली, पुन्हा घातली. टपरीवाल्यानं कढईत भजी सोडली. फाटकातून एक पोरगी आईला ओढत आत पळाली, तिचं अजून भरायचं राहिलं असणार.

"दगडाचं शिकून मानूस काय करते?"

"खाणीत असतात. जमिनीखालचं पाणी शोधतात, बोअर कुठं मारायचं ते सांगतात. सरकारी परीक्षाही आहेत." ती थांबली. आज एक खोटं पुरे झालं होतं. "पण नोकरी लागंलच असं नाही, बाबा. कम्प्युटरले लवकर लागते म्हणतात."

"अन् खानीत पोरी असतेत?"

"आता असतात."

"डोंगरात घेऊन जातेत का शिकवाले?"

"हो. मुक्कामाला."

"हौ," चंपतराव म्हणाले. ते 'हो' होतं की नुसतं ऐकल्याचं, ते तिला कळलं नाही. त्यांनी टपरीवाल्याकडं बघून दोन बोटं वर केली. "अजून दोन दे गा. अन् भजे दे."

"बाबा, वेळ होईल."

"होऊ दे."

दुसरा चहा त्यांनी बशीत ओतला. घरी ते कधी बशीत चहा घेत नसत. फुंकर घालून, एकेक घोट घेत, मध्ये भज्याचा तुकडा मोडत ते प्यायले.  दामिनी एकदा बापाकडं बघे, एकदा फाटकाकडं. आतून पोरं पावत्या हलवत बाहेर येत होती, मग कमी झाली. शेवटी शिपाई बाहेर आला, त्यानं फाटकाचं एक दार ओढून घेतलं आणि खुर्ची टाकून बसला. चंपतरावांनी बशी पालथी घातली आणि तोंड पुसलं.

"चाल," ते म्हणाले.

दोघं मनीषनगरला पोचले. कृष्णकांतकाका दारातच उभे होते. त्यांनी पावती हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला.

"अरे बाप रे! हे काय करून आले, चंपतराव? मेजरमध्ये दगडं?"

दामिनी पुढं झाली. "काका, मी..."

"तिले काही बोलू नोका, भाऊजी," चंपतराव मध्येच म्हणाले. "ती सांगून राहिली होती. म्याच तिले चूप केलं. मले वाटलं, मायनरचंच पानी बांधीत येते, मेजरचं काय कामाचं? त कामाचं मायनरात टाकलं."

काका त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांना अर्थ लागला. आधी पोट हललं, मग खांदे, मग ते सोफ्यावर कोसळले.

"जयवंता! अगं, बाहेर ये! तुझ्या भावानं नहर खोदला कॉलेजात!"

आत्या ओल्या हातानं बाहेर आली. तिला हसावं की रागवावं ते कळेना. "आता बदलता नाही का येत रे, चंपत?"

"बंद झालं ना, बाई. पाच वाजून गेले. चुकलंच माहं."

"आता तीन वर्षं दगडं फोड, पोरी," काका डोळे पुसत म्हणाले. "तुझ्या बापाची कृपा!" आणि त्यांना राहवेना. त्यांनी फोन उचलून बँकेतल्या जुन्या मित्राला लावला. "वामनराव, ऐका. ऐकाच. आमचे साळेबुवा आज कॉलेजात गेले होते..."

दामिनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. बाबा आता ग्लासाकडं बघत बसतील म्हणून तिनं नजर वळवली होती, पण खुर्ची सरकल्याचा आवाज आला म्हणून तिनं पाहिलं. चंपतराव काकांच्या जवळ सरकून बसले होते.

"...आणि म्हणे, मायनरचं पाणी... काय हो चंपतराव, कुठं येतं म्हणालात?"

"बांधीत, भाऊजी," चंपतराव म्हणाले. "बांधीत येते. रोवन्याच्या टायमाले येते, ते बी सांगा त्याइले."

आणि काका हसायच्या आधी तेच मोठ्यानं हसू लागले.