क्रांतीची फेलोशिप

परीक्षेचं वेड मुळात विजयसिंहचं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यापासून त्यानं एकच ध्यास घेतला होता : केंद्र सरकारची संशोधनाची फेलोशिप मिळवायची आणि पीएच.डी. करायची. लग्न झालं तेव्हा बायकोही त्याच विषयातली मिळाली, म्हणून तोच म्हणाला, "क्रांती, तू पण बस की. मला अभ्यासाला जोडी हुईल."

अठ्ठ्याण्णव सालच्या निकालात जोडीदारणीचा नंबर लागला, त्याचा नाही. पुन्हा बसायची सोयही उरली नव्हती. अठ्ठाविसाव्या वर्षाची अट होती, ती त्यानं ओलांडली होती.

मंगळवार पेठेत बोभाटा झाला. त्याच्या आईनं, धोंडुबाईनं, गल्लीभर पेढे वाटले. "माझ्या सुनंला सरकार शिकायला पगार देतंय!" विजयसिंह सगळ्यांपुढं हसत होता, पण हातातला पेढा त्यानं तसाच खिशात टाकला. क्रांती अजूनही त्याला शंका विचारायची, तेच त्याला जास्त झोंबायचं. हिला येतंय, नुसतं माझं मन राखतीया, असं त्याला वाटायचं.

एका शुक्रवारी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीतून शालूबाईची हाक आली. गल्लीत फोन तिच्याकडंच होता. क्रांती घरी नव्हती, म्हणून विजयसिंह गेला. बंगळूरच्या संशोधन संस्थेतले प्राध्यापक बोलत होते. सोमवारी सकाळी पीएच.डी.च्या प्रवेशाची मुलाखत. पत्र धाडलंय, पण वेळेत पोचेल याची खात्री नाही. तुमच्या पत्नीला निरोप द्याल ना? "हो सर, सोमवारी बंगळूरला मुलाखत, सांगतो," विजयसिंह म्हणाला. शालूबाई शेजारीच पीठ भरत होती.

क्रांती घरी आल्यावर त्यानं तिला फोनचं सांगितलं नाही. शनिवारी तो आजऱ्याच्या कॉलेजात तासाला गेला. तिथं त्याची तात्पुरती नोकरी होती. फळ्यावर आकृती काढताना मध्येच थांबला, आणि पोरं एकमेकांकडं बघायला लागली. संध्याकाळी सांगू, असं त्यानं एसटीत ठरवलं. घरात पाऊल टाकलं तेव्हा क्रांती गुणगुणत होती. ते गुणगुणणंही त्याला सोसलं नाही.

रविवारी दुपारी क्रांती जोंधळे दळायला गेली आणि डबा तसाच घेऊन परत आली.

"शालूबाई विचारत हुत्या, उद्याच्या मुलाखतीला बंगळूरला कवा निघणार म्हणून."

विजयसिंहनं हातातलं पुस्तक मिटलं.

"इसरला असंल गं," धोंडुबाई चुलीपासून म्हणाली. आईनं पळवाट दाखवली होती.

"न्हाय," तो म्हणाला. "इसरलो न्हाय. तू जाऊ नयेस असं वाटलं. ते माझं हुतं, क्रांती."

"तुमचं कसं? पेपर मी लिवला."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. पिशवी काढून कपडे भरायला लागली. धोंडुबाई उठली, तिनं भाकरी फडक्यात बांधल्या आणि स्वतःचं लुगडंही त्याच पिशवीत कोंबलं. जोतिबाच्या डोंगरापलीकडं कधी न गेलेली ती बाई म्हणाली, "मी येतो तुज्यासंगं. ह्याचं काय ते माघारी आल्यावर बघू."

स्टँडवर विजयसिंहनं पिशवी उचलायला हात घातला, तर क्रांतीनं ती काढून घेतली. बंगळूरची गाडी हलली, तेव्हा खिडकीतून हात केला तो आईनं.

क्रांतीची निवड झाली. दोन महिने ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली, मग बंगळूरला गेली. तो सुट्ट्यांत जाऊ लागला. पहिल्यांदा नुसता जेवून परतला, पुढं राहू लागला.

तिसऱ्या वर्षी तिनं त्याला प्रयोगशाळा दाखवली. काचेवर बसवलेला पातळ थर, त्यातून जाणारा प्रवाह, पडद्यावर उमटणारी रेघ. ती समजावत होती आणि त्याला निम्मंच कळत होतं. एके काळी हे सगळं त्यानं तिला शिकवलं असतं.

"मी अजून जळतोय तुझ्यावर," तो म्हणाला.

"ठावं हाय," क्रांती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "तिकडचा पंखा बंद करा, रेघ हलतीया."

त्यानं उठून पंखा बंद केला.