इंजिन तापलंय, नवरी थांबलीय

उतरणं झकास झालं. चूक पुढे झाली, आणि ती चहाची होती.

फेन्नाचा बेत सरळ होता. नवरीच्या पोशाखातच आपलं छोटं विमान उडवायचं, वाटेत पेट्रोल भरायचं, समुद्रापलीकडच्या बेटावर उतरायचं आणि आयलर्टशी लग्न लावायचं. पण पेट्रोल भरून ती वळते तो समोर धावपट्टीचा कारभारी ओन्नो, हातात किटली. या किनाऱ्यावर कुणी चहा दिला तर तीन कप घ्यावेच लागतात. एका कपावर उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं.

पहिला कप. खडीसाखर तडकली, वर सायीचा ढग.

दुसरा कप. बाहेर रणरणतं ऊन, आणि विमान वाऱ्याकडे पाठ करून उभं.

तिसरा

घर्र. घर्र. घर्र.

तिसरा कप राहू दे बाजूला. इंजिन चालूच होईना!

"वाफ अडकली," ओन्नो म्हणाला. "उडताना इंजिनाला वारा लागतो. बंद केलं की उष्णता आत कोंडते. नळ्यांतलं पेट्रोल उकळून वाफ झालंय, पोरी. वाफेवर काय डोंबल चालणार?"

"तुमच्याच चहात अर्धा तास गेला ना!"

"चहा चांगला होता की नाही?"

"होता हो!"

"मग झालं. झाकण उघड, तासाभरात निवेल. पण एकच्या आत उडायचं. एक ते तीन वामकुक्षी, पाटीवर लिहिलंय. इथून चिमणीसुद्धा उडत नाही."

एकला वीस मिनिटं होती. म्हणजे थांबल्याशिवाय इंजिन चालू होणार नव्हतं आणि थांबलं तर उडता येणार नव्हतं. बेटाची बोट भरतीच्या पाण्यावरच चालते. आजची इथून बेटाकडे गेलीसुद्धा, आणि तीनच्या आत परतताना ती लग्नं लावणाऱ्या अधिकाऱ्याला घेऊन जाणार. हे सगळं फेन्नाला हसू यावं इतकं वाईट होतं, आणि तिला खरंच हसू आलं. मग हसू विरलं. कारण मागच्या उन्हाळ्यात याच बेटावरून, याच नवरदेवाला सोडून, याच विमानातून ती पळाली होती. सगळे पाहुणे आभाळाकडे बघत राहिले होते.

तिनं फोन लावला.

"कुठे आहेस?" आयलर्ट.

"ओन्नोकडे. इंजिन चालू होत नाहीये."

 पलीकडे कुणीतरी अ‍ॅकॉर्डियन वाजवत होतं, ते थांबलं.

"फेन्ना, खरं सांग. नको असेल तर नको म्हण. पण इंजिनावर घालू नकोस."

 तिनं फोन इंजिनाजवळ धरला आणि ओन्नोला आत बसवून किल्ली फिरवायला लावली. घर्र, घर्र, फुस्स. आयलर्ट बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. तो ऐकत राहिला.

"पुन्हा."

घर्र, घर्र, फुस्स.

"अगं, हे तर बिचारं धापा टाकतंय!" तो एकदम हसला. "असं नाटक कुणाला जमायचं नाही. ये तू. साहेबांना मी अडवतो."

"कसं?"

"त्यांचे बूट लपवतो."

एक वाजला. फेन्नानं पुन्हा किल्ली फिरवली. तेवढ्यात कुंपणावरून एक गुलाबी गाऊन आत आला, त्यात शेजारच्या व्यूबेनाबाई, डोक्याला केस कुरळे करायच्या नळ्या.

"वामकुक्षीच्या वेळेला ही घरघर कुणाची? ओन्नो, मी तक्रार करीन! मी वर्षाला चार तक्रारी करते, पाचवी करीन!" मग त्यांना नवरी दिसली. "अगंबाई. कोपरापर्यंत तेल?"

सगळं ऐकून बाई पळत घरी गेल्या आणि गोठवलेल्या मटारच्या पिशव्या घेऊन आल्या.

"सिलिंडरवर नको!" ओन्नो किंचाळला. "तडकतील! फक्त पेट्रोलच्या पंपावर आणि नळ्यांवर!"

बादलीत मटार आणि पाणी. त्यात फेन्नाची पांढरी ओढणी बुडवली, पिळली, नळ्यांना गुंडाळली. विमानाचं नाक तिघांनी ढकलून वाऱ्याकडे केलं, बाईंची एक चप्पल त्यात गेली. नळ्या निवेपर्यंत तिघांनी थांबून मटार खाल्ले. मग ओढणी काढून फेन्ना आत बसली. विजेवरचा पंप चालू केला: गार पेट्रोल नळ्यांतून खेळू दे, वाफ पुढे ढकलू दे. बॅटरीत एकाच प्रयत्नाचा जीव.

घर्र. घर्र. खॉक्.

खॉक् खॉक् खॉक्

आणि चाललं! चाललं, चाललं, चाललं!

"पण वामकुक्षी!" ओन्नो ओरडला.

"ती कुणासाठी असते रे, गाढवा? शेजारी मी एकटीच राहते, आणि मी टक्क जागी आहे!" असं म्हणून व्यूबेनाबाई गाऊनसकट मागच्या सीटवर चढल्या. "साक्षीदार लागेलच की!"

ओन्नोनं वेळेची पाटी उलटी करून भिंतीला टेकवली आणि हात हलवला.

बेटावरची धावपट्टी दिसली तेव्हा टोकाला आयलर्ट उभा होता, दोन्ही हातांत एकेक काळा बूट. त्याच्यामागे मोज्यांवर लंगडत येणारे साहेब. फेन्नानं विमान उतरवलं, त्याच्याजवळ आणून उभं केलं, पंखा अजून गरगरतोय, डोक्यावर ओढणी नाही, तिच्या नाकाला तेल.

"बंद करू?" ती खिडकीतून ओरडली. "केलं तर परत चालू होणार नाही!"

"अगदी खात्रीनं?"

"हो!"

"मग कर ना लवकर!"

तिनं केलं.